रोजचा ताण रोज उतरवण्यासाठी

बदलापूर, डोंबिवली किंवा विरारहून रोज मुंबईला कामाला जाणाऱ्या माणसाचा दिवस घड्याळाच्या काट्यावर चालतो. पहाटे उठून पाणी भरायचे, डबे करायचे, मुलांना शाळेच्या गाडीत बसवायचे, ठरलेली फास्ट लोकल पकडायची, कार्यालयात बायोमेट्रिक यंत्रावर वेळेत बोट टेकवायचे आणि संध्याकाळी पुन्हा तीच गर्दी अंगावर घेत घरी येऊन स्वयंपाकाला लागायचे, असा हा क्रम वर्षानुवर्षे सुरू राहतो. यातल्या एकाही गोष्टीला संकट म्हणता येत नाही, त्यामुळे आपल्यावर ताण आहे असे पुष्कळांना वाटतही नाही. चाळिशीच्या आसपास रक्तदाब वाढलेला निघतो, पित्त वारंवार उसळते, रात्री तीनला जाग येऊन पुन्हा डोळा लागत नाही आणि मग दवाखान्यात ‘टेन्शन घेऊ नका’ असा सल्ला मिळतो. तो सल्ला अमलात कसा आणायचा, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही.

लोकल टाळता येत नाही, नोकरी सोडता येत नाही, सासूबाईंचे दुखणे किंवा मुलाची दहावी पुढे ढकलता येत नाही. तेव्हा ताण येणारच, हे धरून चालावे. आरोग्याची हानी होते ती मुख्यतः चढलेला ताण दिवसभरात एकदाही पुरता खाली न आल्यामुळे, आणि तो खाली आणण्याच्या जागा आपल्याच दिवसात ठरवून ठेवता येतात. जवळच्या माणसाचा मृत्यू, घरातील मारहाण किंवा मोठा अपघात यांनंतरचा ताण वेगळ्या प्रकारचा असतो आणि त्यासाठी तज्ज्ञांचीच मदत घ्यावी लागते. येथे विचार केला आहे तो केवळ रोजच्या ताणाचा.

शरीरात काय घडते

धोका जाणवताच प्राण्याचे शरीर लढण्यासाठी किंवा पळण्यासाठी सज्ज होते, हे अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मांडले. मूत्रपिंडांच्या वर असलेल्या अॅड्रिनल ग्रंथींमधून अॅड्रिनलिन रक्तात येते, हृदयाचे ठोके वाढतात, श्वास उथळ होतो, स्नायू ताठरतात, यकृत साखर रक्तात सोडते आणि पचनाचे काम मागे पडते. काही मिनिटांत मेंदूकडून आलेल्या आदेशानुसार कॉर्टिसॉल हे दुसरे संप्रेरक वाढते आणि ही सज्जता टिकवून धरते. कॅनडातील संशोधक हान्स सेल्ये यांनी १९३६ साली ‘नेचर’ या नियतकालिकात उंदरांवरील प्रयोगांचे छोटे टिपण प्रसिद्ध केले. त्रासाचे कारण थंडी असो, जखम असो वा विष असो, शरीर पुष्कळसा एकसारखाच प्रतिसाद देते आणि त्रास चालूच राहिला तर शेवटी थकून जाते, असे त्यांना आढळले होते.

अंगावर जनावर धावून आले, तर ही सज्जता माणसाचा जीव वाचवते. माणूस पळतो, रक्तात आलेली साखर पळण्यात खर्च होते, धोका टळतो आणि शरीर पूर्ववत होते. फलाटावर ‘गाडी रद्द करण्यात आली आहे’ अशी घोषणा झाली किंवा रात्री अकरा वाजता साहेबांचा व्हॉट्सअॅपवर संदेश आला, तरी शरीर जवळपास तशीच तयारी करते, पण माणूस जागच्या जागी उभा राहतो आणि ‘आता धोका टळला’ ही खूण शरीराला मिळतच नाही. पहिला ताण उतरण्याआधी दुसरा येतो. असा साचत गेलेला भार शरीराची झीज करतो, ही मांडणी ब्रूस मॅक्युएन आणि एलियट स्टेलर या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९९३ साली केली. रोजच्या ताणाकडे याच दृष्टीने पाहणे सर्वांत उपयोगाचे आहे, असे मला वाटते.

ही झीज कोठे दिसते, हे ओळखता आले पाहिजे. भारतासह ५२ देशांतील रुग्णांचा समावेश असलेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात असे दिसले, की हृदयविकाराचा पहिला झटका आलेल्यांनी घरचा, कामाचा आणि पैशांचा ताण इतरांपेक्षा अधिक प्रमाणात सांगितला होता. मधुमेह असलेल्यांची साखर पथ्य सांभाळूनही ताणाच्या दिवसांत वर जाते, कारण ती यकृतातून येत असते. मान, खांदे व जबडा सतत आवळलेला राहिल्याने कपाळाभोवती पट्टा बांधल्यासारखी डोकेदुखी होते. पाळी पुढेमागे होते. एखाद्या मोठ्या ताणानंतर दोनतीन महिन्यांनी केस गळू लागतात आणि तोपर्यंत कारण विसरलेले असल्यामुळे दोष तेलाला किंवा शांपूला दिला जातो. अमेरिकेतील शेल्डन कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वेच्छेने तयार झालेल्या निरोगी माणसांच्या नाकात सर्दीचे विषाणू सोडून पाहिले, तेव्हा ताण अधिक असलेल्यांना सर्दी होण्याचे प्रमाणही अधिक आढळले. हा अभ्यास १९९१ सालचा आहे.

पोटाच्या बाबतीत एक समजूत दुरुस्त करणे गरजेचे आहे. ताणाने जळजळ, गॅस आणि वारंवार शौचास जाण्याची तक्रार वाढते हे खरे, पण जठरातील व्रण म्हणजे अल्सर प्रामुख्याने हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूमुळे किंवा वेदनाशामक गोळ्या फार घेतल्याने होतो. या जिवाणूच्या शोधासाठी बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना २००५ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हा पोटदुखी सहा महिने ‘टेन्शनची’ म्हणून अंगावर काढू नये. तिची तपासणी करावी.

आधी खात्री करावी

थकवा, छातीत धडधड, चिडचिड आणि झोप न लागणे या चारही तक्रारी ताणाने होतात, तशाच त्या रक्तक्षयाने, थायरॉइडच्या बिघाडाने आणि ब-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेनेही होतात. पाळीत रक्तस्राव जास्त होणाऱ्या स्त्रियांमध्ये रक्तक्षय आणि पूर्ण शाकाहारी घरांमध्ये ब-१२ची कमतरता सहज आढळते. म्हणून श्वसनाचे व्यायाम सुरू करण्यापूर्वी एकदा हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी), ब-१२ आणि रक्तशर्करा तपासून घ्यावी. हिमोग्लोबिन आठवर आलेल्या बाईला ध्यानधारणा सुचवणे म्हणजे तिचा आजार लांबवणे होय.

रक्तदाब घरी मोजणे फार उपयोगाचे असते, मात्र तो योग्य रीतीने मोजला पाहिजे. दंडाला पट्टा बांधावयाचे स्वयंचलित यंत्र घ्यावे. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, तंबाखू आणि धावपळ टाळावी, लघवीला जाऊन यावे आणि खुर्चीत पाठ टेकून, पायावर पाय न टाकता, तळवे जमिनीवर ठेवून पाच मिनिटे स्वस्थ बसावे. हात टेबलावर अशा उंचीवर ठेवावा की दंड हृदयाच्या पातळीत येईल. पट्टा उघड्या दंडावर बांधावा, बाहीवर नव्हे, आणि यंत्र चालू असताना बोलू नये. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहावेत. असे सात दिवस सकाळ-संध्याकाळ करावे आणि पहिल्या दिवसाचे आकडे सोडून उरलेल्यांची सरासरी काढावी. ती १३५/८५ किंवा त्याहून जास्त आली, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जावे. जिना चढून आल्या आल्या किंवा घरात वादावादी झाल्यावर घेतलेल्या एका आकड्यावरून घाबरून जाण्यात अर्थ नाही.

ताण कोठे चढतो, कोठे अडकतो

एक आठवडा साध्या वहीत नोंद ठेवावी. ‘आज फार ताण होता’ असे लिहून काही हाती लागत नाही, म्हणून वेळ, प्रसंग, शरीरात काय जाणवले आणि ते किती वेळ टिकले, एवढे लिहावे. उदाहरणार्थ, ‘सकाळी ७.४०, मुलगा दूध पीत नव्हता, ओरडले, छातीत धडधड, गाडीत बसेपर्यंत टिकली’ किंवा ‘दुपारी ३, साहेबांनी सर्वांसमोर विचारले, पोटात गोळा, रात्री जेवतानाही तेच डोक्यात’. आठवड्याने वही वाचली की चढण्याच्या जागांपेक्षा अडकण्याच्या जागा अधिक बोलक्या ठरतात. दुधाचा ताण तासाभरात उतरलेला असतो आणि साहेबांचा रात्रीपर्यंत राहिलेला असतो. जो उतरत नाही, त्याच्याकडे आधी लक्ष द्यावे.

नोंद ठेवताना शरीराकडे पाहण्याची सवयही लागते. दात घट्ट मिटलेले आहेत, जीभ टाळूला चिकटली आहे, खांदे कानांकडे चढले आहेत, हे दिवसातून पाचसहा वेळा लक्षात येऊ लागले की निम्मे काम झाले असे समजावे, कारण त्यानंतरचा उपाय जागच्या जागी करता येतो.

श्वास

सर्वांत जवळचा उपाय श्वासाचा आहे, आणि तो का लागू पडतो हे समजले तर मनुष्य तो टिकवून धरतो. श्वास आत घेताना हृदयाची गती किंचित वाढते आणि सोडताना कमी होते, कारण श्वास सोडताना व्हेगस या मज्जातंतूचा हृदयावरील लगाम घट्ट होतो. त्यामुळे उच्छ्वास लांबवला की शरीराला विसाव्याची खूण मिळते. नाकाने मनात चार मोजेपर्यंत श्वास घ्यावा आणि सहा मोजेपर्यंत सोडावा. सेकंदाला एक अशा गतीने मोजल्यास मिनिटाला सहा श्वास होतात. छातीऐवजी पोट पुढे यावे, श्वास कोंडून धरू नये आणि चक्कर आल्यासारखे वाटल्यास थांबून नेहमीसारखा श्वास घ्यावा.

हे करायला गादी किंवा शांत खोली लागत नाही. धिम्या गाडीत वरची कडी धरून उभे असताना ठाणे सुटले की सुरुवात करावी आणि मुलुंड येईपर्यंत चालू ठेवावे. आधी जबडा सैल सोडावा, मग खांदे खाली आणावेत, कडीवरची पकड तोल सांभाळण्यापुरतीच ठेवावी आणि मग मोजायला लागावे. स्थानक आले की थांबावे. असे दोन टप्पे जाताना आणि दोन येताना केले, तरी दिवसात चार विसावे होतात. ज्यांना आकडे मोजण्याचा कंटाळा येतो, त्यांनी नामजप करावा. इटलीतील लुचियानो बर्नार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये दाखवले, की लॅटिन भाषेतील जपमाळ म्हणताना आणि ‘ओम मणि पद्मे हुम्’ हा मंत्र म्हणताना श्वास आपोआप मिनिटाला साधारण सहावर येतो. संथ लयीत हरिपाठ म्हणणाऱ्यांना आणि लोकलमधील भजनी मंडळात रोज टाळ धरणाऱ्यांना जो निवांतपणा लाभतो, त्यामागे श्रद्धेबरोबर लांबलेल्या उच्छ्वासाचाही वाटा असावा, असे मला वाटते. सोबतीचा वाटा तर आहेच. ठरलेल्या डब्यातल्या मैत्रिणी, त्यांनी राखून ठेवलेली जागा आणि वाटून खाल्लेला डबा यांनी माणसाला जो आधार मिळतो, तो कोणत्याही ॲपने मिळणार नाही.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. कपालभाती, भस्त्रिका असे जलद प्रकार आणि श्वास रोखून धरण्याचे प्रकार उच्च रक्तदाब, हृदयविकार किंवा गर्भारपण असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत.

घरी आल्यावरची वीस मिनिटे

लोणावळ्याच्या कैवल्यधाम या संस्थेत स्वामी कुवलयानंदांनी १९२४ पासून योगाभ्यासाचा शास्त्रीय अभ्यास सुरू केला. पुढे १९६९ साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांकडून शवासनाचा सराव करून घेतल्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुष्कळांचा रक्तदाब उतरला आणि काहींच्या औषधांचे प्रमाण कमी करता आले. अभ्यास लहान होता आणि त्यावरून कोणी स्वतःच्या मनाने गोळ्या बंद करू नयेत, पण मुंबईच्याच रुग्णांवर इतक्या वर्षांपूर्वी तपासलेला हा उपाय आपल्याकडे व्यायामानंतरच्या दोन मिनिटांपुरता उरावा, याची खंत वाटते.

शवासन करताना सतरंजीवर पाठीवर पडावे, पायांत फूटभर अंतर ठेवावे, हात शरीरापासून थोडे दूर आणि तळवे वर ठेवावेत. मग उजव्या पायाच्या बोटांपासून सुरुवात करून एकेक भाग आधी पाच सेकंद आवळावा आणि सैल सोडावा. पोटरी, मांडी, पोट, मूठ, खांदे, जबडा, कपाळ असा क्रम धरावा. आवळून सोडण्याची ही रीत शिकागोचे डॉक्टर एडमंड जेकबसन यांच्या पद्धतीतून आली आहे. ताठरलेला स्नायू कसा लागतो हे आधी कळले, तरच तो सैल सोडता येतो. शेवटी नाकपुड्यांशी लक्ष ठेवावे. आत जाणारी हवा किंचित गार आणि बाहेर येणारी किंचित कोमट लागते, एवढेच जाणवू द्यावे. मन भरकटले की त्याला न रागावता पुन्हा तेथे आणावे. वीस मिनिटे मिळत नसतील तर दहा मिनिटे करावे, पण शक्यतो घरी आल्यावर आणि स्वयंपाकघरात जाण्यापूर्वी करावे.

ही वेळ मिळायची असेल, तर घरात तसे ठरवावे लागते. आई किंवा बाबा दारातून आत आले की पहिली वीस मिनिटे त्यांना गॅस सिलिंडरचा नंबर, शाळेची वर्गणी आणि शेजाऱ्यांची गळती यातले काही सांगायचे नाही, असा नियम सर्वांनी मिळून करावा आणि लहान मुलांनाही समजावून सांगावा. मुले हा नियम मोठ्यांपेक्षा चांगला पाळतात.

ओझे कोणाच्या अंगावर आहे

येथपर्यंतचे सर्व उपाय एका बाबतीत अपुरे आहेत आणि त्यावर स्पष्ट बोलले पाहिजे. सरकारच्या २०१९ सालच्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे खर्च करतात आणि घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे. ज्या बाईच्या वाट्याला नोकरी, प्रवास आणि वर हे पाच तास येतात, तिला दीर्घ श्वास घ्यायला सांगून घरातील इतरांनी निवांत बसणे हा अन्याय आहे. तिच्या ताणावरचा उपाय श्वासात कमी आणि कामाच्या वाटणीत अधिक आहे.

वाटणी करताना ‘जरा मदत करत जा’ असे म्हणण्याचा उपयोग होत नाही, कारण काम लक्षात ठेवण्याची जबाबदारी तिच्याकडेच राहते. भाजी संपत आली हे पाहणे, दूधवाल्याचा हिशेब, डब्याला काय करायचे याचा विचार, आजोबांच्या गोळ्या आणणे, शाळेच्या ग्रुपवरील सूचना वाचणे ही न दिसणारी कामे आधी कागदावर लिहावीत. मग प्रत्येक काम विचारापासून शेवटापर्यंत एकाच माणसाकडे सोपवावे. आजोबांच्या गोळ्या मुलाकडे दिल्या, तर चिठ्ठी सांभाळण्यापासून संपण्याआधी आणून ठेवण्यापर्यंत त्याचेच काम. सुरुवातीला चुका होतील, भाजी बेताचीच निवडून आणली जाईल, आणि तेव्हा ते काम परत अंगावर घेण्याचा मोह टाळावा.

कार्यालयातही काही गोष्टी विचारून मिळतात. ‘माझ्यावर फार ताण आहे’ असे सांगितले तर वरिष्ठांना नेमके काय करावे ते समजत नाही. ‘ही तीन कामे शुक्रवारपर्यंत आहेत, त्यातली दोन नीट होतील, पहिले कोणते करू?’ असे विचारले तर उत्तर मिळण्याची शक्यता वाढते. रात्री नऊनंतर कामाच्या ग्रुपचा आवाज बंद ठेवावा आणि खरोखर तातडीचे असेल तर फोन करा, असे सहकाऱ्यांना आधीच सांगून ठेवावे.

डोक्यातील घोळ कागदावर

चिंता दाबून ठेवली की ती रात्री वर येते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ थॉमस बोर्कोवेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली सुचवलेला उपाय विचित्र वाटला तरी उपयोगाचा आहे. चिंता करण्यासाठी रोजची एक ठरलेली वेळ व जागा ठेवायची, आणि दिवसभरात चिंता आली की ‘तुझी वेळ साडेसातची’ म्हणून ती वहीत एका ओळीत टिपून पुढच्या कामाला लागायचे. साडेसातला वही उघडून अर्धा तास फक्त चिंता करायची. त्या वेळी निम्म्या ओळी शिळ्या झालेल्या असतात. उरलेल्यांत जेथे काही करता येण्याजोगे असेल, तेथे पुढचे एक पाऊल लिहावे. ‘गृहकर्जाचा हप्ता कसा भागणार’ याच्यापुढे ‘शनिवारी बँकेत जाऊन मुदत वाढवल्यास हप्ता किती होईल ते विचारणे’ असे लिहिले की चिंतेचे काम होते. ही वेळ झोपेच्या अगदी जवळ ठेवू नये.

झोपण्यापूर्वी पाच मिनिटे दुसऱ्या दिवशीच्या कामांची यादी करावी. अमेरिकेतील बेलर विद्यापीठातील २०१८ सालच्या एका छोट्या प्रयोगात, झालेल्या कामांची यादी करणाऱ्यांपेक्षा उद्याच्या कामांची यादी करणाऱ्यांना सरासरी नऊ मिनिटे लवकर झोप लागली. यादी जितकी तपशीलवार, तितका गुण अधिक आला.

प्रसंग लहान आणि त्रास मोठा असे वारंवार होत असेल, तर अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ साली मांडलेली आणि कि. मो. फडके यांनी महाराष्ट्रात रुजवलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती समजून घ्यावी. गाडी चुकली हा प्रसंग झाला. ‘गाडी वेळेवर यायलाच हवी होती, आता सगळा दिवस वाया गेला, साहेब मला कामचुकारच ठरवणार’ ही त्यावर आपण केलेली भर झाली. वहीत दोन्ही वेगळे लिहावे आणि भर घातलेल्या प्रत्येक वाक्याला पुरावा विचारावा. गाडी चुकल्याची चुटपुट तरीही राहते आणि ती राहणे योग्यच आहे, पण सकाळचा एक प्रसंग दिवसभर छातीवर बसत नाही.

चहा, तंबाखू, दारू आणि झोप

चहा-कॉफीतील कॅफीनचे रक्तातील प्रमाण निम्मे व्हायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाच्या चहाचा निम्मा अंमल रात्री अकराला शिल्लक असतो, म्हणून झोपेची तक्रार असलेल्यांनी शेवटचा चहा दुपारी घ्यावा. मशेरी, गुटखा आणि सिगारेट यांनी डोके शांत होते असे वाटते, कारण आधीच्या निकोटिनचा अंमल उतरल्यामुळे आलेली अस्वस्थता पुढच्या चिमटीने थांबते. ती अस्वस्थता तंबाखूनेच निर्माण केलेली असते, आणि प्रत्येक चिमटीबरोबर हृदयाची गती व रक्तदाब वाढतो. दारूने झोप लवकर लागते आणि उत्तररात्री मोडते. तीनला जाग येणाऱ्यांनी हे एकदा तपासून पाहावे.

प्रौढ माणसाला किमान सात तास झोप हवी. झोपण्याच्या वेळेपेक्षा उठण्याची वेळ पक्की ठेवणे सोपे जाते, आणि ती रविवारीही तासाभराहून अधिक हलवू नये. अंथरुणात पडून वीस-पंचवीस मिनिटांत झोप आली नाही, तर उठून मंद उजेडात काहीतरी साधे करावे आणि डोळे जड झाल्यावर परतावे. घड्याळ व मोबाइल हाताशी ठेवू नयेत.

चालण्याचे महत्त्व सर्वांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांचा मध्यम व्यायाम सुचवला आहे. शेअर रिक्षाच्या रांगेत उभे राहण्याऐवजी स्थानकापासून घरापर्यंत पंधरा मिनिटे झपाट्याने चालले, तर जाऊन-येऊन पाच दिवसांत १५० मिनिटे होतात आणि लढण्यासाठी तयार झालेल्या स्नायूंना हवे ते कामही मिळते.

डॉक्टरांकडे केव्हा जावे

छातीत दाब किंवा दुखणे, ते डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणे, सोबत घाम आणि धाप, अशा वेळी हा ताण आहे की हृदयविकार याचा निवाडा घरी करू नये आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. भीतीचा झटका बहुधा दहा मिनिटांत कळस गाठून ओसरू लागतो, पण पहिल्याच वेळी तो भीतीचाच आहे हे ईसीजी काढल्याशिवाय मानू नये.

दोन आठवडे बहुतेक सर्व वेळ उदास वाटणे, आवडीच्या गोष्टींत मन न लागणे, भूक आणि झोप बिघडणे, किंवा रोजची कामे हातून न होणे ही नैराश्याची लक्षणे असू शकतात. जगणे नकोसे वाटू लागले, तर एक दिवसही थांबू नये. केंद्र सरकारची टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येते आणि मराठीतही बोलता येते. शासकीय जिल्हा रुग्णालयांत मानसोपचार विभाग असतो. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ नुसार शासकीय सेवेत असे उपचार मिळणे हा नागरिकाचा हक्क आहे आणि विमा कंपन्यांनी मानसिक आजारांना शारीरिक आजारांप्रमाणेच संरक्षण द्यावे, असेही त्यात म्हटले आहे.

डॉक्टरांकडे जाताना रक्तदाबाची नोंद आणि आठवड्याची वही सोबत न्यावी. चालू असलेली सर्व औषधे, काढे, आयुर्वेदिक व होमिओपॅथीच्या गोळ्या, तसेच तंबाखू आणि दारू यांविषयी मोकळेपणाने सांगावे. झोपेची गोळी शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर घेऊ नये. मानसोपचारतज्ज्ञांनी नैराश्यावर किंवा चिंतेवर गोळ्या दिल्या, तर त्यांचा गुण यायला सहसा दोन ते चार आठवडे लागतात हे लक्षात ठेवावे, आणि बरे वाटू लागले म्हणून त्या अचानक बंद न करता, कमी कशा करायच्या हे पुढच्या भेटीत त्यांनाच विचारावे.